आगोट आणि अंदमान

महाडच्या माणसाला बेटावर जायचं असेल तर त्याने जुलैपर्यंत घरी बसावं. एका अंगाने सावित्री चढते, दुसऱ्या अंगाने गांधारी. दस्तुरी नाक्यावर पाणी आलं की वाहनं थांबतात, दादली पुलाकडे जाणं बंद होतं, आणि जाहिरातीत ज्याला 'चहूबाजूंनी अथांग पाणी' म्हणतात ते आपल्याच खिडकीतून, हातात चहाचा कप धरून बघता येतं. विमान नाही, तिकीट नाही. बोट असते, पण ती मागाहून येते, सरकारी असते आणि तिच्यात बसायला पैसे पडत नाहीत.

हे सगळं मी मुलाला सांगून बघितलं. तो पुण्यात कंप्युटरवर काम करतो. गावात असताना ज्यांना आईबाप दमलेले दिसत नाहीत, त्यांना पुण्यातून ते स्पष्ट दिसायला लागतात. "बाबा, तुम्ही दोघं आयुष्यात कधी कुठे गेला नाहीत. लग्नाचा वाढदिवस आहे. आयलंडवर जा, किनाऱ्यावर पडून राहा, रिलॅक्स व्हा." शेवटचं त्याने जरा दरडावूनच सांगितलं.

बुकिंग अंदमानचं होतं, मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यातलं, आणि स्वस्तात मिळालं होतं. माझं बाजारपेठेत भुसारी दुकान आहे. स्वस्त माल स्वस्त का असतो हे मला कुणाला विचारावं लागत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मान्सून आपल्या देशात पहिला पाय टाकतो तो अंदमानात. मग १ जूनच्या सुमाराला केरळ, ११ जूनच्या सुमाराला मुंबई, आणि मुंबईच्या जरा आधी आम्ही. म्हणजे मुलाने आईबापांना पावसाला सामोरं पाठवलं होतं. पण पैसे भरून झाले होते आणि परत मिळणार नव्हते. परत न मिळणाऱ्या पैशांपायी कोकणातला माणूस कुठेही जायला तयार होतो.

अडचण पावसाची नव्हतीच. आगोटीची होती.

जून ते सप्टेंबर घरात जे जे म्हणून लागेल ते मे संपायच्या आत घरात आलं पाहिजे, या कायद्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. कांद्याच्या माळा आढ्याला, मसाला कुटून बरणीत, आमसुलं, फणसाचे पापड, कडवे वाल, कुळीथ, तांदूळ, सरपण, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर सुकी मासळी: सुकट, बोंबील, सोडे. आमची ही माहेरची पोलादपुराकडची, सावित्रीच्या वरच्या अंगाच्या एका गावातली. तिकडे दरड खाली आली की रस्ता तुटतो आणि दुकान लांब राहतं, म्हणून साठा भरपूर हवा. सासरी महाडात पाणी खालून येतं, म्हणून साठा उंचावर हवा. तिच्या आगोटीत दोन तालुक्यांची भीती भरलेली असते.

"मे महिन्यात? बेटावर? आणि सुकट कोण भरणार, तुमचा मुलगा?"

तो ज्या दिवशी माझ्या एकट्याचा मुलगा होतो, त्या दिवशी मी फार बोलत नाही.

आईला सांगायला गेलो. ती नव्वदीला टेकलेली. "अंदमानात?" म्हणाली आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मेल्या, केलंस तरी काय तू?" तिच्या लेखी अंदमानला माणूस जात नाही, पाठवला जातो. मी समजावलं की आता तिथे हॉटेलं आहेत, माणसं हौसेने जातात. "मग परत सोडतात का?" म्हटलं, नातवाने परतीचं तिकीटही काढलंय. तेव्हा कुठे तिने जपमाळ पुढे सरकवली.

दुकानाच्या शटरवर कागद चिकटवला: 'दुकान काही दिवस बंद राहील.' संध्याकाळपर्यंत तिघंचौघं चपला काढून, चेहरे पाडून घरी आले. कोण गेलं, विचारायला लागले. म्हणून खाली लिहिलं, 'घरी सर्व ठीक आहे.' तर दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी घाऊक व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले, की शेठ, मागचं बिल तेवढं निघण्याआधी बघा. ठीकठाक माणूस मे महिन्यात दुकान बंद करत नाही, यावर आमच्या पेठेत एकमत आहे.

'आयुष्यात कधी कुठे गेला नाहीत' हे मात्र मुलाचं म्हणणं खोटं. लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो. मुंबई-पुण्याच्या जोडप्यांचं महाबळेश्वर म्हणजे स्ट्रॉबेरी, घोडे आणि धुकं. आमचं महाबळेश्वर म्हणजे वरच्या मजल्यावरचा बंद न होणारा नळ. सावित्री तिथे उगम पावते, दऱ्याखोऱ्यांतून पोलादपूरला उतरते आणि आमच्याकडे येते. खालून बाणकोट खाडीची भरती वर चढत असते. वर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. त्यातला मोठा घास ज्या दिवशी एकदम पडतो आणि त्याच वेळी इकडे भरती असते, त्या दिवशी त्या दोघींची गाठ माझ्या दुकानातल्या खालच्या फळीवर पडते. म्हणून पावसाळ्यात महाडात कुणी कुणाला 'कसे आहात' विचारत नाही. 'महाबळेश्वरला किती पडला?' विचारतात, आणि उत्तर ऐकून साखरेची पोती वर चढवायला लागतात.

तर त्या नळाच्या तोंडाशी आम्ही हनिमूनला गेलो, एस.टी.ने, आंबेनळी घाटातून. पोलादपूरच्या स्टँडवर हिचा थोरला भाऊ गाडीत चढला. त्याला वाईला काम होतं. काम दुसऱ्या दिवशी होतं म्हणून तो महाबळेश्वरला आमच्याबरोबर उतरला, आणि लॉजवाल्याने कौतुकाने आमच्याच खोलीत तिसरी गादी टाकून दिली. सूर्यास्त आम्ही तिघांनी बघितला. मेहुण्याने मला पंचगंगेच्या देवळातलं सावित्रीचं पाणी दाखवलं आणि म्हणाला, "हेच बरं का दाजी, तुमच्या दुकानात येतं ते." लग्नात त्याचा मान राहिला होता, त्याची ती वसुली असावी.

दोघंच असे आम्ही एकदाच सापडलो, आणि तेही घरातच. २००५ चं आणि २०२१ चं मी बोलत नाही. त्या दोन जुलैंत आमच्या दोन तालुक्यांत दरडींखाली माणसं गेली. जुई, दासगाव, तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी, ही नावं घेतली की आमच्याकडे अजून बोलणं थांबतं. त्या पाण्याची थट्टा कुणी करत नाही. दुकानाच्या भिंतीवर त्या दोन वर्षांच्या रेघा आहेत. रंगारी आला की त्या सोडून रंग दे म्हणून सांगतो. मी म्हणतो ते पाणी मधल्या कुठल्या तरी किरकोळ वर्षातलं. गुडघ्याच्या वर आलं नाही, पण रात्रभर गेलंही नाही. माल आधीच वर चढवलेला. आई बहिणीकडे, मुलगा आजोळी अडकलेला. वीज नाही, फोन नाही. गिऱ्हाईक येणं शक्य नाही, वसुलीवाला येणं शक्य नाही, पाहुणा तर नाहीच नाही. पोटमाळ्यावर तांदळाच्या पोत्यांना टेकून आम्ही दोघं, आणि स्टोव्हवर चहा. त्या रात्री आम्ही जेवढं बोललो तेवढं त्याआधी कधी बोललो नव्हतो. बघण्याच्या कार्यक्रमात मी चकली खाताना किती आवाज केला होता, हे तिने मला त्या रात्री सांगितलं. ऐकून तिची मावशी नको म्हणाली होती म्हणे. पहाटे पाणी उतरलं तेव्हा मला जरासं वाईट वाटलं. लगेच चिखल काढायला लागलो, त्यामुळे ते फार वेळ टिकलं नाही.

असो. निघालो. मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून रुंद होतोय, आणि जिथे जिथे तो अजून व्हायचा राहिला होता तिथे तिथे आमची गाडी थांबत गेली. मुंबईला पोचेपर्यंत अंगातले सांधे इतके सुटे झाले होते की विमानातली खुर्ची अरुंद आहे ही बरोबरच्यांची तक्रार मला कळलीच नाही.

सहल जोडप्यांची होती. पुण्याचं एक नवंकोरं जोडपं, तिच्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. नाशिकचे दोन भाऊ आणि त्यांच्या बायका. नागपूरचे निवृत्त शिक्षक आणि त्यांची शिक्षिका बायको. ओळखपरेड झाली. मी 'महाड' म्हटल्यावर पुण्याचा मुलगा म्हणाला, "म्हणजे रायगडाचा रोपवे!" नागपूरचे सर मात्र उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "चवदार तळ्याचं महाड." २० मार्चला, १९२७ च्या सत्याग्रहाच्या दिवशी, ते बरीच वर्षं महाडला येत आले होते. मला बरं वाटलं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "तुमच्या बाजारपेठेत एका दुकानातून आम्ही शेंगदाणे घेतले होते. वजनात जरा कमीच भरले." कोणतं दुकान, हे मी विचारलं नाही. विषय बदलून विमानाच्या पंखाकडे नेला.

पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून ते श्री विजयपुरम झालंय, पण रिक्षावाल्यांना अजून कळवलेलं दिसत नाही) पहिल्या संध्याकाळी सेल्युलर जेल दाखवलं. १९०६ साली बांधून पुरं झालेलं, मधल्या मनोऱ्यापासून फुटलेल्या सात इमारतींचं. आता तीनच उरल्यात. सावरकर इथे १९११ ला आले. मराठी घरात 'माझी जन्मठेप' न वाचलेला माणूससुद्धा ती वाचली असल्यासारखा बोलतो, त्यामुळे आमच्यातला प्रत्येक जण दुसऱ्याला माहिती सांगत होता. कोठडीत शिरल्यावर मात्र सगळे गप्प झाले. खिडकी हात पोचणार नाही इतकी वर. बाहेर आल्यावर लग्न आणि जन्मठेप यांच्यावरून जो विनोद होण्यासारखा आहे तो धाकट्या नाशिककरांनी केला, मग थोरल्यांनी केला. ही मला म्हणाली, "तुम्ही करू नका." मी करणारच नव्हतो, म्हणजे निदान लगेच नाही.

दुसऱ्या दिवशी बोटीने स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक. इथून पुढे रिलॅक्स होणं सुरू, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं.

खोलीत पलंगावर टॉवेलचे दोन राजहंस चोचीला चोच लावून बसवले होते आणि भोवती गुलाबाच्या पाकळ्या. हिने आधी राजहंस सोडवले. "कोरडे टॉवेल असे कुणी पिळून ठेवतं का?" मग पाकळ्या गोळा करून कागदाच्या पुडीत बांधल्या, गुलकंदाला होतील म्हणून. मग तिने बॅग उघडली आणि आतून एक ओल्या पंच्याचं गाठोडं काढलं. मी ओळखलं. कडवे वाल. निघायच्या आदल्या रात्री भिजत घातलेले, प्रवासात मोड आणायला बांधलेले. "तिकडे काय खायला घालतील भरवसा नाही," हे तिचं स्पष्टीकरण. हवाई वाहतुकीच्या नियमांत मोड आलेल्या वालांबद्दल काहीच नसावं, नाहीतर आम्ही मुंबईलाच अडकलो असतो.

बेटावर सगळ्यात जास्त फसवणूक सूर्य करतो. महाडहून आम्ही पूर्वेकडे एकोणीस अंश सरकलो होतो, घड्याळ मात्र महाडातलंच. मे महिन्यात आमच्याकडे सात वाजता मावळणारा सूर्य इथे साडेपाच-पावणेसहाला गुंडाळून मोकळा. म्हणजे दुपारची झोप काढून उठावं, चहाची वाट बघावी, तो बाहेर तिन्हीसांज. तिन्हीसांजेला झोपू नये, केर काढू नये, कुणाला मीठ देऊ नये. हिने तिथल्या तिथे उदबत्ती लावली आणि मला उठवून बसवलं. पहाटे पाचला पुन्हा लख्ख ऊन. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "उशीर झाला." कशाला उशीर झाला, हे देशातल्या कुठल्याही सहल कंपनीला सांगता आलं नसतं.

राधानगरचा किनारा सुंदर आहे. 'टाइम' साप्ताहिकाने २००४ साली तो आशियातला सर्वोत्तम ठरवला होता, आणि मला त्यात काही कमीजास्त करायचं नाही. पांढरी वाळू, मागे आभाळाला टेकलेलं रान, पुढे असं पाणी की ज्याच्यातून एकही पोतं वाहत येत नाहीये. आम्ही दोन आरामखुर्च्यांत आडवे झालो. थोड्या वेळाने मला जाणवलं की शेजारची खुर्ची अस्वस्थ आहे. नारळ, सुपारी, केळी, फणस, अंगाला चिकटणारा घाम. "हे बघायला आलो होय?" ती म्हणाली. खरंच आहे. महाड काही बर्फाळ प्रदेशात नाही. कर्कवृत्ताच्या बऱ्याच खाली, चांगल्या उष्ण कटिबंधात आहे. परदेशातली माणसं पैसे साठवून ज्या हवेत यायला धडपडतात त्या हवेत आम्ही जन्मभर घामोळं खाजवत बसलोय. समुद्र तेवढा नाही, तर तोही भरतीला खाडीतून वर डोकावून जातो.

शेवटी तिने पिशवीतून वाल काढले. आशियातल्या सर्वोत्तम किनाऱ्यावर मांडी घालून ती डाळिंब्या सोलायला बसली. पुण्याची नवी नवरी नवऱ्याबरोबर पन्नासावा फोटो काढून कंटाळली होती, ती येऊन शेजारी बसली. "काकू, हे काय असतं?" पुण्यात वाल मिळतात, पण सोलून. मुलीला दोन मिनिटांत हात बसला. मग नाशिकच्या दोघी आल्या, मग नागपूरच्या बाई आल्या. नवरे आरामखुर्च्यांत घोरत होते.

समुद्राच्या काठाला एक पाटी होती, मगरींपासून सावध राहण्याची. पाटी वाचून ही जीवरक्षकाकडे गेली. "किती मोठी असते?" त्याने हात पसरले. हिने त्याच्याहून जास्त पसरले. "आमच्याकडे पाटी नाही, मगरी आहेत." सावित्रीच्या डोहाकाठी उन्हाला पडलेल्या मगरी महाडात सगळ्यांनी बघितल्यात, त्या बघायला बाहेरून लोक येतात. खाऱ्या पाण्यातली मगर आमच्या मगरीपेक्षा चांगलीच मोठी असते हे मला ठाऊक होतं, पण परमुलखात बायकोला खोटं पाडू नये. जीवरक्षक विचारात पडला, आणि मला वाटतं आमच्या जिल्ह्याची बाजू थोडी वर राहिली.

डोक्यावर काचेचा हंडा घालून समुद्राच्या तळावर चालायला नेतात, त्याचे दर एकाने सांगितले. "पाण्याखाली जायचे पैसे?" ही म्हणाली. "आमचं दुकान फुकट गेलंय." तो गृहस्थ पुन्हा आमच्या वाटेला आला नाही.

रात्री वाळूवर टेबल मांडून मेणबत्तीच्या उजेडातलं जेवण होतं, फक्त दोघांसाठी. हिने बसण्याआधी वेटरला विचारलं, "लाईट कधी येणार?" कोकणात मेणबत्ती लावली म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढंच आम्हाला माहीत. त्याने हसून सांगितलं की लाईट आहे, मुद्दाम बंद केलीय. त्यानंतर ती जेवणभर त्या हॉटेलच्या मालकाच्या मनःस्थितीबद्दल बोलत होती.

आणि तिसऱ्या की चौथ्या रात्री वारं फिरलं.

मला झोपेतच कळलं. महाडच्या माणसाला पाऊस कानाने कळत नाही, गुडघ्यांनी कळतो. सकाळी आभाळ खाली उतरलेलं, समुद्र राखाडी, माड एका बाजूला ओढले गेलेले, आणि पाऊस असा की समोरची झोपडी दिसेना. टीव्हीवर बातमी आली: मान्सून अंदमानात दाखल. ज्या बातमीकडे बघत आम्ही दर वर्षी महाडात 'आला बाबा एकदाचा' म्हणतो, त्या बातमीच्या आत आम्ही बसलो होतो. बोटी बंद. पोर्ट ब्लेअरला जाणं नाही, विमानाचं नंतर बघू, असं मॅनेजरने घाबऱ्या आवाजात जाहीर केलं.

हाहाकार झाला. थोरल्या नाशिककरांनी, फोन लागत होते तोवर, कुणाकुणाला आपल्या ओळखी सांगितल्या. पुण्याची मुलगी रडायला लागली. तिच्या नवऱ्याने तिला धीर द्यायला घेतला आणि मग तिने त्याला द्यायला घेतला. नागपूरचे सर खिडकीशी उभे राहून कुठल्याशा गोळीची पट्टी शोधत होते. आणि या गडबडीत मी हिच्याकडे बघितलं, तर तिच्या चेहऱ्यावर निघाल्यापासून प्रथमच शांतता होती. चहूबाजूंना पाणी, वाट बंद, फोन लागत नाही. तिला ओळखीचं काहीतरी भेटलं होतं.

ती उठली, पदर खोचला आणि मॅनेजरपुढे उभी राहिली. "पाण्याची टाकी वर आहे की खाली?" वर होती. "जनरेटरला डिझेल किती?" त्याने सांगितलं. "तांदूळ?" तो म्हणाला, बघून सांगतो. "बघून सांगू नका, आणून दाखवा." तो पंचविशीतला पोरगा, कुठल्या तरी हॉटेलच्या कॉलेजात शिकून आलेला, पाहुण्यांना उशा किती द्यायच्या हे त्याला शिकवलं होतं, हे शिकवलेलं नव्हतं. त्याने तांदूळ आणून दाखवला. मग फर्मानं सुटली. सगळ्यांच्या बॅगा जमिनीवरून पलंगावर. बादल्या, टब, फुलदाण्या, जे जे धरेल त्यात पिण्याचं पाणी. फोन एकेकाने चार्ज करायचे, उगाच बघत बसायचं नाही. काड्यापेटी प्लास्टिकमध्ये. कालच्या मेणबत्त्या गोळा करा. "वहिनींना अनुभव दिसतो," नागपूरचे सर म्हणाले. म्हटलं, "दर वर्षीचा."

दुपारी स्वयंपाकघर तिच्या ताब्यात गेलं. डाळिंब्या होत्याच, सगळ्यांनी मिळून सोललेल्या. नारळ बेटावरचे. आमसूल तिच्या बॅगेतलं, मसालाही तिच्या बॅगेतला. मी तोवर समजत होतो की त्या कप्प्यात माझे शर्ट आहेत. वालाचं बिरडं आणि भात. तेलुगू आचारी बाजूला उभा राहून बघत होता. त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. कुणी ओळखी सांगितल्या नाहीत, कुणी रडलं नाही. सगळे जेवले आणि आडवे झाले.

खोलीत येऊन तीही आडवी झाली आणि पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात, भर दुपारी, घोरायला लागली. मुलाला फोन लागत नव्हता. नाहीतर कळवलं असतं की झाली रिलॅक्स.

रात्री जनरेटर बंद केल्यावर बराच वेळ गप्पा मारल्या. त्या सगळ्या लिहिण्यासारख्या नाहीत. चकलीचा विषय पुन्हा निघाला. मावशी शेवटी हो का म्हणाली, तेही त्या रात्री कळलं: माझ्याकडे बघून नव्हे, आमच्या घराला पोटमाळा आहे म्हणून. मग ती काळोखात म्हणाली, "महाबळेश्वरला किती पडला असेल हो?"

"मे महिना आहे. तिथे अजून घोडे फिरतायत."

"इथला तिकडे पोचायला किती दिवस?"

"पंधरा-वीस तरी."

"मग आहे वेळ," ती म्हणाली. एका मिनिटात पुन्हा घोरायला लागली.

पाऊस उघडला, समुद्र जरा बसला, बोटी सुरू व्हायला एक सकाळ उरली. बाकीचे किनाऱ्याकडे धावले. आम्ही बाजारात गेलो. स्वराज द्वीपावरचे बरेचसे लोक फाळणीनंतर पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या निर्वासितांच्या घरांतले आहेत. गावांची नावं गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर. एका कोपऱ्यात एक म्हातारी बंगाली बाई सुकी मासळी मांडून बसली होती. हिची चाल बदलली. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि कुणाला तिची गरजही पडली नाही. हिने मूठभर सुकट उचलली, वास घेतला, तळहातावर चोळून वाळू आहे का बघितली, एक दाताखाली घालून मीठ बघितलं. म्हातारीने ते सगळं मान देऊन पाहिलं, आणि मग खालचा, झाकलेला, चांगला माल बाहेर काढला. भाव बोटांवर झाला. राधानगरच्या सूर्यास्तापुढे ही जितका वेळ उभी राहिली होती, त्याहून बराच जास्त वेळ इथे बसली.

सुकट आधी वर्तमानपत्रात, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत, आणि सगळ्यांच्या वरून माझ्या अंगासाठी मुलाने घेतलेला माडांच्या चित्रांचा शर्ट गुंडाळला. विमानतळावर सुरक्षेच्या माणसाने बॅग बाजूला घेतली. "यह क्या है?"

"आगोट," ही म्हणाली.

"खोलिए."

तिने शर्ट सोडवला. पहिली पिशवी सोडली. दुसरीची गाठ पुरती सुटायच्या आत तो म्हणाला, "बंद कीजिए, बंद कीजिए," आणि आमच्या मागे उभी असलेली रांग आपणहून चार पावलं मागे सरकली.

महाडला आलो तेव्हा अजून ऊन होतं. शेजारपाजारच्या बायका जमल्या. राधानगरचं कुणी विचारलं नाही, फोटो कुणी मागितले नाहीत, जेलचं मी दोनदा काढलं ते वाऱ्यावर गेलं. सगळ्या सुपाभोवती बसल्या होत्या. आमच्या गावात सुकट गल्ली नावाची अख्खी गल्ली आहे, तेव्हा पारख कमी नाही. एकीने चोळून बघितली, एकीने वास घेतला.

"काय भाव लागली?"

हिने भाव सांगितला. पलीकडच्या काकूंनी सुपातून हात काढून घेतला.

"एवढ्याला? गल्लीत यापेक्षा स्वस्त मिळते की."

"मिळते," ही म्हणाली. "पण ती चालत येते."